अधिवेशनाआधी एक फेरी मारून या

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे अधिवेशनांची पत्रकं फिरायला लागतात. शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त कर्मचारी, औषध विक्रेते, सगळ्यांच्या संघटना याच दिवसांत तारखा धरतात. पूर्वी शाळेच्या वर्गांत गाद्या टाकल्या की प्रतिनिधींची सोय व्हायची. आता सभागृह, जेवण, मुक्काम असं सगळं एकाच हॉटेलात असतं. मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की ज्यांना चालण्याचा, औषधांचा किंवा रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न आहे त्यांनी अधिवेशनाचं हॉटेल आणि त्याच्या आजूबाजूचा भाग आधी पाहून यावा. त्यावर बरीच पत्रं आली. मी जळगावची. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी झाली आणि ग्रंथपालांच्या संघटनेच्या निवास समितीचं काम पुष्कळ वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. जागेत बसतील तेवढी पत्रं घेते.

प्रश्न : ताई, आमच्या शिक्षक संघटनेचं राज्य अधिवेशन मे महिन्यात जळगावला महामार्गावरच्या एका हॉटेलात आहे. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. चालते, पण जिने आणि उंच पायऱ्या जमत नाहीत. भाचा जळगावातच असतो, म्हणून आधी एकदा जाऊन हॉटेल पाहून यावं असं मनात आहे. घरचे म्हणतात, मुलीसाठी स्थळ पाहायला निघालीस का? हॉटेलवाले आत येऊ देतील का? आणि नेमकं पाहायचं काय?
(एक शिक्षिका, शहादा)

उत्तर : जरूर जा. स्थळ पाहायला गेल्यावर आपण नुसता दिवाणखाना पाहून परतत नाही, विहीर कुठे, मोरी कुठे, शेजार कसा हेही डोळ्यांखालून घालतो. तसंच पाहून या. हॉटेलवाल्यांची काळजी नको. काउंटरवर संघटनेचं नाव आणि तारीख सांगा, हॉल आणि एक खोली पाहायची आहे म्हणा. हॉलचं बुकिंग पाहणारा माणूस बाहेर येतो. लग्नाची मंडळी त्याच्याकडे रोजच हॉल पाहायला येतात, त्याला तुमचं येणं नवीन नसतं. मात्र मुहूर्ताच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

दुपारी तीनला पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत तिथेच थांबा. सकाळी नऊला सगळीच हॉटेलं गार आणि स्वच्छ दिसतात. मे महिन्यात जळगावात तुम्हाला त्रास होणार तो दुपारी तीनला आणि रात्री नवाला, तेव्हा तेच तास पाहा.

पहिली गोष्ट दारातल्या पायऱ्या. बहुतेक हॉटेलांना दर्शनी बाजूला तीन-चार पायऱ्या असतात आणि कडेला एक उतार असतो. तो उतार माणसांसाठी आहे की सामानाच्या ट्रॉलीसाठी, हे नीट बघा. अपंगांच्या सोयीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत उताराचं प्रमाण एकास बारा दिलं आहे. म्हणजे चढ दीड फुटाचा असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. दीड फूट चढायला सहाच फुटांचा उतार केलेला असेल तर तो ट्रॉलीचा आहे, तुमच्या गुडघ्यांचा नाही. त्यातून तो गुळगुळीत ग्रॅनाइटचा असेल आणि सकाळी त्यावर पोछा फिरवलेला असेल, तर पाय ठेवू नका. असा उतार दिसला तर तिथल्या तिथे विचारा, की मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराकडून किंवा पार्किंगमधून सपाट वाट आहे का. पुष्कळदा असते, कारण गॅसच्या टाक्या आणि तांदळाची पोती कुणी पायऱ्यांवरून नेत नाही. त्या वाटेनं एकदा स्वतः चालून पाहा आणि अधिवेशनाच्या दिवशी ते दार उघडं राहील ना, हे हॉलचं बुकिंग पाहणाऱ्या माणसाकडून, त्याचं नाव विचारून, कबूल करून घ्या.

मग लिफ्ट. लिफ्टच्या आत पत्र्याची किंवा स्टीलची पट्टी असते, ती वाचा. ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ किंवा ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आता हिशोब करा. हॉल तिसऱ्या मजल्यावर, जेवण खाली लॉनवर, प्रतिनिधी तीनशे, लिफ्ट एक आणि तीही आठ जणांची. जाऊन-येऊन एका फेरीला दोन मिनिटं धरली तरी सगळे खाली यायला सव्वा तास लागतो. जेवणाची सुट्टी असते एक तासाची. तरुण लोक जिन्यानं उतरतील, पण लिफ्टपुढे तुमच्यासारख्यांचीच रांग लागेल आणि उभं राहणं तर तुम्हाला चालण्यापेक्षाही जड जाईल. म्हणून सत्र संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचं, हे आधीच ठरवून ठेवा आणि दाराजवळची कडेची खुर्ची धरा. त्यात संकोच काही नाही. वक्त्याला आधी चिठ्ठी पाठवून कळवलं की झालं.

व्यासपीठही पाहा. तुमचा सत्कार असेल किंवा ठराव मांडायचा असेल तर वर चढावंच लागतं. हॉटेलांत व्यासपीठ सुटे लोखंडी चौथरे जोडून उभं करतात, त्याला दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि धरायला काहीही नसतं. आयोजकांना आताच कळवा, की माझा माइक आणि माझा सत्कार खालीच करा. ऐनवेळी सांगितलं की चार जण हात धरून वर ओढतात आणि नव्या गुडघ्यांना ते ओढणं सोसत नाही.

खोली निवडताना दोन गोष्टींवर अडून बसा. सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, आणि पश्चिमेची भिंत घेऊ नका. खान्देशातल्या मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास सहज जातो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत तो आच खाली सोडत राहतो. एसी चालू असूनही वरच्या मजल्यावर डोळा लागत नाही. टाकी गच्चीवर असेल तर संध्याकाळी थंड पाण्याच्या नळालाही चटका बसेल असं पाणी येतं. हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही, पण शहाद्याच्या माणसाला काय सांगायचं! पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली नावानिशी लिहून मागा.

खोलीत गेल्यावर आधी बाथरूम उघडा. बाथरूमच्या दारात पाणी अडवायला चार बोटांचा उंबरा असतो. रात्री झोपेत त्यालाच पाय अडखळतो. कमोडची उंची टेपनं मोजा आणि घरच्या उंचीशी ताडून पाहा. कमी असेल तर वर बसवायची प्लास्टिकची उंच सीट मिळते, ती सोबत घ्या. भिंतीला धरायला भक्कम दांडी आहे का पाहा. टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नव्हे, ती दोन बारीक स्क्रूंवर तोललेली असते. तिला धरून उठलेल्या एका मावशींना मी भर अधिवेशनात दवाखान्यात नेलेलं आहे. पलंग फार खाली असेल तर गादीवर आणखी एक गादी टाकायला सांगा. एवढं कुठलंही हॉटेल करतं.

हॉलमध्ये एसी लावायला सांगा आणि दहा मिनिटं बसा. नुसता आवाज येतो की गारवा येतो, ते कळेल. वीज गेल्यावर जनरेटरवर काय काय चालतं, हे स्पष्ट विचारा. काही ठिकाणी जनरेटरवर दिवे, माइक आणि लिफ्ट चालतात, एसी नाही. एसी नसला तर मोठे कूलर आणणार का? आपली हवा कोरडी असल्यानं वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर आपल्याकडे चांगला गारवा देतो, पण त्याला पाणी आणि मोकळी खिडकी दोन्ही लागतं. खिडक्या बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात हॉल घामट होतो.

आता बाहेर या. माझ्या मते खरं पाहणं इथून पुढे आहे आणि नेमकं तेच कुणी पाहत नाही. हॉटेलचं फाटक ते रस्ता, तिथपर्यंत चालत जा. जळगावात जुना महामार्ग शहराच्या मधून जातो. हॉटेल एका बाजूला आणि औषधाचं दुकान, चहाची टपरी, रिक्षाचा थांबा दुसऱ्या बाजूला, असं अनेक ठिकाणी आहे. मध्ये दुभाजक, आणि ट्रक थांबत नाहीत. कागदावर ‘मेडिकल समोरच’ असेल, पण तुमच्यासाठी ते समोर नाही. ओलांडायची सोय कुठे आहे, चौक किती लांब आहे, आणि आपल्याच बाजूचं औषधाचं दुकान कुठलं, हे भाच्याला घेऊन पाहून ठेवा. जवळचा हाडांचा दवाखानाही पाहा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२ हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये असू द्या.

अंधार पडल्यावर फाटकावरच्या वॉचमनशी बोला. काउंटरवरचा मुलगा ‘रिक्षा कधीही मिळेल मॅडम’ म्हणणारच, त्याचं ते कामच आहे. वॉचमनला मी आपल्या अहिराणी बोलीत विचारते, “दादा, रातले आठे रिक्षा भेटस का?” म्हणजे रात्री इथे रिक्षा मिळते का, आणि तो खरं सांगतो, “दहा वाजानंतर काही भेटत नही, ताई. फोन करीसन बलावणं पडस.” मग त्याच्याचकडून त्याच्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर घ्यायचा. पाणी कधी जातं, जनरेटर कधी बंद पडला होता, कुत्री कुठल्या कोपऱ्यावर असतात, पावसाचं पाणी कुठे साचतं, हे सगळं वॉचमनला, झाडूवाल्या मावशींना आणि लिफ्टपाशी उभ्या असणाऱ्या पोराला माहीत असतं.

आणि शेवटचं. त्या तारखेला हॉटेलच्या लॉनवर लग्न आहे का, ते विचारा. हॉटेलवाला आठवत नाही म्हणाला तर घरचं पंचांग उघडा. मुहूर्त असेल तर लग्न आहेच. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, पण दहापर्यंत तरी लॉनच्या बाजूच्या खोलीत एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. तुमचं सत्र संध्याकाळी सहाचं असेल आणि हॉलची खिडकी लॉनवर उघडत असेल, तर हे आयोजकांच्या कानावर आताच घाला.

प्रश्न : मी चिपळूणचा. सहकारी पतसंस्थांच्या शिबिरासाठी जळगावला पहिल्यांदाच येतो आहे. आधी येऊन पाहणं मला शक्य नाही. मला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. शिबिर शनिवार-रविवार आहे, सोमवारी अजिंठा पाहून परत फिरावं असा बेत आहे. घरबसल्या जागेची माहिती कशी काढू?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दादा, आधी अजिंठ्याचं सांगते, कारण त्यावर तुमचं परतीचं तिकीट ठरेल. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं. एक तर शुक्रवारी सकाळीच पोहोचून अजिंठा करून घ्या, नाहीतर सोमवारी मुक्काम ठेवून मंगळवारी जा. जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटर आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. दुपारी तो कातळ तापतो आणि पायऱ्या पुष्कळ आहेत. सोमवार मोकळा राहिला तर जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ पाहता येईल का, ते फोन करून विचारा. २०१२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय मनापासून पाहण्यासारखं आहे.

आता हॉटेल. नकाशात शोधताना जिल्हा तपासा. बुलढाणा जिल्ह्यातही एक जळगाव आहे, जळगाव जामोद. तुम्हाला हवं ते तापीच्या दक्षिणेचं, जिल्ह्याचं ठिकाण असलेलं. हॉटेलच्या पत्त्यात ‘जळगाव’ आहे म्हणजे ते गावात आहेच असं नाही. महामार्गावर किंवा अजिंठा रस्त्यावर गावाबाहेर कितीतरी हॉटेलं झाली आहेत. उपग्रहाच्या चित्रात हॉटेल शोधा आणि भोवती काय दिसतं ते बघा. शेतं आणि गोदामं दिसली तर रात्री पायी कुठे जाता येणार नाही, हे धरूनच चला. रस्त्यावरची छायाचित्रं दिसत असतील तर फाटकापासून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलं ‘चालून’ बघा. पाहुण्यांनी टाकलेले फोटो पाहताना सगळ्यात नवे आधी पाहा. हॉटेलनं स्वतः टाकलेले फोटो उद्घाटनाच्या दिवशीचे असतात.

फोन मात्र दुपारी करू नका, रात्री अकराला करा. त्या वेळी कुणी उचलतो का, उचलणारा माणूस खोलीची माहिती देऊ शकतो का, हे कळणं फार महत्त्वाचं आहे. तुमची साखर रात्री दोनला उतरली तर हाच माणूस तुमच्या कामाला येणार आहे. त्याला सांगा, मला मधुमेह आहे, रात्री साखर-पाणी लागलं तर मिळेल का? उत्तर देताना तो कसा बोलतो, त्यावरूनच हॉटेल कळतं.

इन्सुलिनसाठी खोलीत छोटा फ्रिज मागाल. तो आहे एवढ्यावर खुश होऊ नका. आजकाल पुष्कळ हॉटेलांत दारालगत खाचेत कार्ड घातल्याशिवाय खोलीतली वीज सुरू होत नाही. तुम्ही कार्ड काढून शिबिराला गेलात की मागे एसीबरोबर फ्रिजही बंद पडू शकतो. मे महिन्यात बंद खोलीत सहा-सात तास, म्हणजे ते इन्सुलिन भट्टीत ठेवल्यासारखंच. खोली मिळाल्यावर पहिलं काम हे करा, की कार्ड काढा, फ्रिजचं दार उघडा आणि आतला दिवा लागतो का पाहा. लागत नसेल तर दुसरं कार्ड मागून खाचेत ठेवून द्या, किंवा इन्सुलिन हॉटेलच्या मोठ्या फ्रिजमध्ये नावाची चिठ्ठी लावून ठेवायला द्या. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठता कामा नये. छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलं तर गोठतं आणि मग टाकूनच द्यावं लागतं. म्हणून दाराच्या कप्प्यात ठेवा. वापरात असलेलं पेन ओल्या कापडाच्या थंड पिशवीत घालून सोबत बाळगा.

गाडीचं तिकीट काढताना ती जळगावला थांबते का पाहा. काही लांब पल्ल्याच्या गाड्या जळगावला न थांबता भुसावळला थांबतात. भुसावळहून जळगाव पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. दिवसा ते काहीच वाटत नाही, पण मध्यरात्री उतरलात तर हॉटेलची गाडी आधी ठरवून ठेवा, किंवा भुसावळ हे मोठं जंक्शन आहे, तिथे उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. आमची शेवभाजी आणि वांग्याचं भरीत न खाता जाऊ नका, पण पहिल्याच रात्री खाऊ नका. कोकणातल्या पोटाला आमचं तिखट आणि आमचा तेलाचा तवंग एकदम झेपत नाही, आणि पोट बिघडलं की इन्सुलिनचं गणित बिघडतं. शिबिर संपल्यावर, रविवारी रात्री, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खा.

प्रश्न : अधिवेशनाच्या हॉटेलची खोली महाग पडते. जवळच्या लॉजवर राहिलं तर चालेल का?
(एक निवृत्त लिपिक, भुसावळ)

उत्तर : चालेल. लॉज ते हॉटेल हा रस्ता रात्री साडेनऊला स्वतः चालून पाहा. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, गटारावरची फरशी शाबूत आहे का, एवढं बघा. दुपारी दोन सत्रांच्या मध्ये पाठ टेकायला खोलीवर जाता येणार नाही, ही किंमत मात्र आहे. साठीनंतर ती मोठी वाटते. हॉटेलात मुक्काम असलेल्या एखाद्या मित्राच्या खोलीत तासभर आडवं होता येईल असं आधी बोलून ठेवा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा धुळ्यात अभियांत्रिकीला आहे. मुंबईला गोरेगावात चित्रकथा आणि ॲनिमेशनच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरणार आहे. त्यात मुलं पात्रांचे वेश करून येतात. यानं फोमच्या शिटांचं चिलखत स्वतः बनवलं आहे, दोन महिने खोलीभर तोच पसारा आहे. त्याच्या वडिलांना हे आवडत नाही. मला त्याला पाठवायचं आहे, पण काळजी वाटते. तुम्ही अधिवेशनाचं सांगता ते याला लागू पडतं का?
(एक आई, धुळे)

उत्तर : ताई, पाठवा. दोन महिने एकट्यानं खपून कुणी काही बनवत असेल, तर ते चार माणसांना दाखवायला त्याला जागा हवी. आणि माझं सगळं सांगणं त्याला लागू पडतं, उलट थोडं जास्तच.

त्याला आदल्या दिवशी मुंबईत पोहोचायला सांगा आणि चिलखत न घालता एकदा मेळाव्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायला सांगा. चाळीसगाव-नाशिक बाजूनं जाणारी गाडी मध्य रेल्वेची असते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरायची, मग गोरेगाव किंवा राम मंदिर स्थानक. मेळावा तिथल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात असेल तर ते पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे, म्हणजे स्थानकातून पूर्वेकडेच बाहेर पडायचं. कुणी नंदुरबारहून सुरतमार्गे जाणार असेल तर त्या गाड्या पश्चिम रेल्वेनं येतात, बोरिवलीला उतरून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलनं गोरेगावला यायचं. सकाळी साडेआठ ते अकरा या वेळात लोकलमध्ये चिलखताची पेटी घेऊन चढणं अशक्य आहे. फोम दबला की त्याला पडलेली घडी जात नाही. एक तर सातच्या आत पोहोचायचं, नाहीतर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मुक्काम करायचा.

तिथे गेल्यावर त्यानं काय पाहायचं? वेश कुठे चढवता येतो. कपडे बदलायची वेगळी खोली आहे की स्वच्छतागृहातच उभं राहून करावं लागतं. पिशव्या ठेवायला जागा आहे का. तलवार, भाला, बंदूक यांसारख्या वस्तूंचे नियम काय आहेत. अशा मेळाव्यांत धातूची किंवा खऱ्यासारखी दिसणारी हत्यारं आत नेऊ देत नाहीत आणि सुरक्षारक्षक दारातच ठेवून घेतात. मेळाव्याचे नियम छापून खिशात ठेवले तर वाद होत नाही. खांद्यापासून खांद्यापर्यंत चिलखत मोजायला सांगा आणि हॉटेलच्या दारातून, लिफ्टमधून ते अंगावर घालून जाता येतं का, याचा अंदाज घ्यायला सांगा. गरम गोंदानं चिकटवलेले सांधे मुंबईच्या घामात आणि उन्हात सुटतात, तेव्हा गोंद, कात्री आणि रुंद चिकटपट्टी पिशवीत असू द्या. फोमच्या आत अंग उकडतं. दर तासाला शिरस्त्राण काढून पाणी प्यायचं, हे एका मित्राच्या अंगावर टाका, त्याला स्वतःला आठवणार नाही.

त्याच्या वडिलांना चिलखत एकदा नीट जवळून पाहायला सांगा. कागदावर साचे काढून, कापून, तापवून वाकवलेलं काम आहे ते. कारागिरी ओळखणाऱ्या माणसाला ती ओळखू येते.

प्रश्न : आम्ही आयोजक आहोत. तुमचा सल्ला वाचून प्रतिनिधी आधीच हॉटेलवर जाऊन चौकश्या करायला लागले, तर आमच्यावर विश्वास नाही असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय आमचं गाव लहान, मोठ्या शहरासारखी हॉटेलं आमच्याकडे नाहीत. आम्ही अधिवेशनं घ्यायचीच नाहीत का?
(एक कार्यकर्ता, अमळनेर)

उत्तर : दादा, अमळनेरच्या माणसानं हे विचारावं याचं मला वाईट वाटलं. तुमच्या गावात १९५२ साली साहित्य संमेलन झालं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलनही प्रताप महाविद्यालयाच्या आवारात झालं. त्याच्याही आधी, १९३६ च्या डिसेंबरात, आपल्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखं गावात मिळणारं सामान वापरून नगर उभारलं होतं. तिथे हॉटेल नव्हतं. जागा कशी आहे, माणसं कुठून येणार, कुठे राहणार, याचा विचार आधीपासून केलेला होता. गाव लहान असल्यानं अधिवेशन अडत नाही. गाव लहान आहे हे प्रतिनिधींना आधी न सांगितल्यानं अडतं.

आणि विश्वासाचं म्हणाल तर जो प्रतिनिधी आधी येऊन पाहतो, त्याला अधिवेशनाला यायचंच आहे. ज्याला यायचं नसतं तो घरीच बसतो. गुडघे दुखणारी बाई, इन्सुलिन घेणारा माणूस, तान्हं मूल घेऊन येणारी आई, यांना तुमच्यावर संशय नसतो, त्यांना पायरीची भीती असते. ती पायरी तुमच्या लक्षात आली नाही, कारण तुम्ही ती रोज चढता.

तुम्हीच हे काम त्यांच्यासाठी करा. समितीतल्या एका धडधाकट पोराला नको, सत्तरीच्या एखाद्या आजोबांना आणि कडेवर मूल असलेल्या एखाद्या सुनेला बरोबर घ्या आणि स्टेशनापासून मुक्कामापर्यंत, मुक्कामापासून मंडपापर्यंत, मंडपापासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जा. आजोबा जिथे थांबतील तिथे खुर्ची ठेवायची, सून जिथे अडेल तिथे फळी टाकायची. मग जे दिसलं ते एका पानावर जसंच्या तसं लिहा आणि पत्रिकेसोबत पाठवा. पायऱ्या किती, लिफ्ट आहे की नाही, कमोड किती खोल्यांत आहे, वीज गेली तर काय चालतं, जवळचा दवाखाना आणि औषधाचं दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडं, सुरत-भुसावळ मार्गावरच्या कुठल्या गाड्या अमळनेरला थांबतात, शेवटची एसटी कितीची. जे नाही ते ‘नाही’ असंच लिहा. लिफ्ट नाही हे आधी कळलं तर माणूस तळमजल्याची खोली मागतो. तिथे आल्यावर कळलं तर तो परत जातो.

पानाच्या सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, रात्री फोन उचलणाऱ्या एका माणसाचा नंबर द्या. अध्यक्षांचा नको, सचिवांचा नको. खरंच जागा असेल अशा माणसाचा द्या.